गुलाल उधळला, पुढं काय?

गावच्या राजकारणावरचा विनोदी सिनेमा बघताना माझं लक्ष शेवटाकडं असतं. बेरकी पुढारी, टपरीवरची टोलेबाजी, एवढ्यावर मध्यंतरापर्यंत थेटर हसतं. अडतं ते शेवटाला. हलगी वाजली, गुलाल उधळला, वाईट माणूस पडला, की दिग्दर्शक मोकळा. आम्ही इंदापूर तालुक्यातली माणसं मनात म्हणतो, गड्या, खरी गंमत तर आता सुरू होतीय.

गुलाल धुवायच्या आत उपसरपंचाचं गणित मांडलं जातं. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात. मग दोन-चार सदस्यांना एकाएकी देवदर्शनाची ओढ लागते. फोन बंद. घरी विचारलं तर मालकीणबाई सांगतात, "शिर्डीला गेल्यात, कवा येतील काय म्हाईत." पहिल्या सभेच्या सकाळी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात थांबते. पडलेला उमेदवार तोवर सोसायटीच्या निवडणुकीला लागलेला असतो. सोसायटी झाली की साखर कारखाना. आमच्याकडं निकाल लागतो, निवडणूक संपत नाही.

म्हणून मला उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ'चा (२०११) शेवट पटतो. हरवलेली गाय शोधत निघालेल्या केश्याला झाडाखाली दत्त दिसतात. गावात दवाखाना व्हावा म्हणून अण्णा धडपडत असतात. होतं मात्र देऊळ. सरपंचबाई नावाला, सूत्रं गावचे पुढारी भाऊंकडं. देवाचा बाजार मांडलेला बघून केश्या मूर्ती चोरतो आणि नदीत सोडतो. इथं पडदा पडला असता तर टाळ्या झाल्या असत्या. पण गाव नवी मूर्ती बसवतं आणि दुकानं चालूच राहतात. केश्याचं बंड गावानं पचवलं, ढेकरही दिला नाही. गिरीश कुलकर्णींना या चित्रपटातल्या अभिनयासाठी आणि संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी ज्यूरीत असतो तर या शेवटासाठी वेगळा दिला असता.

देव आणि मतपेटी आमच्याकडं एकाच गल्लीत राहतात. बारामतीत पवारांच्या प्रचाराचा नारळ फुटतो तो कन्हेरीच्या मारुतीपुढं. २०२४ च्या विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर ठाकले, तेव्हाही दोन्हीकडच्या सभा कन्हेरीतच झाल्या. मारुतीनं कुणाचं ऐकायचं?

राजकारणावरच्याच 'सिंहासन' सिनेमाच्या (१९७९) शेवटी सगळं जवळून पाहणारा पत्रकार दिगू वेडा होतो. तो मुंबईचा. गावात वेडं व्हायला सवड नसते, आज ज्याच्याशी भांडलो, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून पाण्याची पाळी मागायची असते.

'देऊळ'बद्दल तक्रार एकच. केश्याला दिग्दर्शकानं फार लवकर सोडला. आमच्याकडं असता तर पुढच्या पंचवार्षिकाच्या आत देवस्थानच्या ट्रस्टवर घेतला असता आणि नव्या मूर्तीच्या पहिल्या आरतीचा मान त्यालाच दिला असता.