साहेब आले, पण कोणते?
छोट्या गावातील ओळखीच्या घोटाळ्यावर प्रेक्षक हसतात; मग मते का दुभंगतात?

गावात कुणी बडे साहेब तपासणीला येणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी रस्त्यातील खड्डे बुजू लागतात, शाळेच्या भिंतींना चुना लागतो आणि धूळ खात पडलेल्या फायली कपाटातून टेबलावर येतात. अशा वेळी साहेबांऐवजी भलताच कुणी बसमधून उतरला तर? या एका प्रश्नावर रंगभूमीने आणि चित्रपटाने कित्येक विनोदी कलाकृती उभ्या केल्या आहेत. भलत्याच माणसाला मान मिळतो, नाहीतर भलत्याच्याच पाठीत धपाटा बसतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याच प्रेक्षकांची मते दुभंगलेली असतात. कुणाला ती निव्वळ करमणूक वाटते, कुणाला व्यवस्थेवरचा आसूड, तर कुणाला गावाकडच्या माणसाची टिंगल. एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते का पडावीत, हे समजून घ्यायचे तर या प्रकाराची मूळ घडण पाहावी लागेल.

गुपित प्रेक्षकाच्या हाती

ओळखीच्या घोटाळ्याचे यंत्र साधे आहे. पडद्यावरच्या पात्रांना जे ठाऊक नसते, ते प्रेक्षकाला आधीच सांगितलेले असते. गुपित त्याच्या हाती असल्याने प्रत्येक साधे वाक्य त्याला दुहेरी अर्थाने ऐकू येते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ (१९१६) याच युक्तीवर उभे आहे, आणि शेक्सपिअरच्या जुळ्यांच्या नाटकावरून गुलजार यांनी केलेला ‘अंगूर’ (१९८२) हा चित्रपटही. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून दोघे तरुण बायकांचे सोंग घेतात. ते सोंग केव्हा उघडे पडेल, या धास्तीतच चित्रपटाची निम्मी गंमत आहे.

या सर्व कथांत घोटाळ्याचे मूळ वेगवेगळे आहे. ‘अंगूर’मध्ये तो निसर्गाचा खेळ, ‘संशयकल्लोळ’मध्ये मनातील संशयाचा, तर ‘बनवाबनवी’त घरटंचाईने लादलेला. छोट्या गावाच्या कथेत मात्र बहुधा चौथेच कारण असते. ते म्हणजे भीती. माणसे चुकतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर त्यांच्या मनात आधीपासून कुणाची तरी धास्ती बसलेली असते म्हणून. येणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्या धास्तीच्या चौकटीत आपसूक बसतो.

गोगोलची घालमेल

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे रशियन लेखक निकोलाय गोगोल याचे १८३६ मधील नाटक, ज्याला इंग्रजीवरून आपण ‘इन्स्पेक्टर जनरल’ म्हणून ओळखतो. राजधानीतून गुप्तपणे तपासनीस येणार, या वार्तेने एका आडगावातील लाचखाऊ अधिकारी हादरतात आणि खाणावळीचे बिल थकवून बसलेल्या एका कनिष्ठ, बढाईखोर कारकुनालाच तपासनीस समजून त्याच्यापुढे लोटांगण घालतात. या नाटकाची कल्पना कवी पुश्किनने गोगोलला सुचविली असे सांगतात.

पहिल्या प्रयोगाला खुद्द झार पहिला निकोलस उपस्थित होता. नाटक गाजले, परंतु प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांनी गोगोल सुखावला नाही. काहींनी ते केवळ हसण्यावारी नेले, तर काहींना त्यात सरकारी नोकरवर्गाची बदनामी दिसली. त्याच वर्षी तो रशिया सोडून गेला. पुढे त्याने या साऱ्या मतमतांतरांवरच एक नाट्यलेख लिहिला आणि तो १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नाटक सुटल्यावर नाट्यगृहाच्या दालनात आडोशाला उभा राहून नाटककार बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे बोलणे ऐकतो. नाटकात एकही सज्जन पात्र नाही, अशी तक्रारही त्याच्या कानी पडते. त्यावर त्याचे उत्तर असे की, एक सज्जन पात्र नाटकात होते, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही. ते पात्र म्हणजे हास्य. प्रेक्षकांच्या मतांचा इतका गंभीर विचार करणारा लेखक विरळाच म्हणावा लागेल.

आपल्याकडचे अवतार

पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाला ‘अंमलदार’ या नावाने मराठी वेष चढविला. नवकेतन संस्थेचा पहिला चित्रपट ‘अफसर’ (१९५०) हाही त्यावरच आधारलेला होता. चेतन आनंद यांच्या या चित्रपटात देव आनंद आणि सुरैया यांच्या भूमिका होत्या. येथे एक बदल लक्षात घेण्याजोगा आहे. गोगोलचा तोतया हा संधिसाधू कारकून होता, तर ‘अफसर’मध्ये साहेब समजला जाणारा तरुण पत्रकार आहे. नायक प्रेक्षकाला आवडण्याजोगा झाला की गावाची चूक गोड वाटू लागते आणि उपहासाची धार कमी होते. तिकीटबारीवर हा चित्रपट चालला नाही.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’मध्ये (२००८) हे गणित वेगळ्या तऱ्हेने मांडले आहे. येथे येणारा वनाधिकारी खराच आहे. चुकीची ओळख लादली गेली आहे ती डुरक्या नावाच्या वळूवर. गावातील नासधुशीचा दोष त्याच्या माथी मारला जातो. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याच्यावर आपल्या सोयीची ओळख चिकटविणे हा गावाचाच नव्हे, तर साऱ्या समाजाचा स्वभाव आहे, हे हा चित्रपट हसत हसत दाखवितो.

वाशिमच्या खुर्चीतून

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला साहेबाची वाट पाहणारे गाव ही कल्पनारम्य जागा वाटते. वाशिमसारख्या ठिकाणी ती ओळखीची वाटते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे प्राचीन वत्सगुल्म इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्याखाली गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या तालुक्यांचा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे तब्बल नऊ दशके येथील माणसाला जिल्ह्याचा साहेब पाहायचा तर अकोल्याची वाट धरावी लागे. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव आले. आकडे, आढावे आणि पाहणी हे शब्द या मातीला नवे नाहीत.

अशा खुर्चीत बसलेला प्रेक्षक साहेबासाठी सजणारे गाव पाहतो तेव्हा त्याचे हसू निराळे असते. शहरी प्रेक्षक गावाच्या भोळेपणाला हसतो. हा प्रेक्षक त्या भोळेपणामागची हतबलता जाणतो. एका सहीसाठी कितीदा खेटे घालावे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला साहेबापुढची लगबग मूर्खपणाची वाटत नाही. आणि विनोदाचा भार घटनेवरून सरकून वऱ्हाडी उच्चारांवर पडला, तर तो दुखावणेही स्वाभाविक आहे. आपली बोली ऐकू येताच इतरांनी हशा पिकवावा, ही ओळखीच्या घोटाळ्याचीच आणखी एक तऱ्हा नव्हे काय? बोलीवरून माणसाला अडाणी ठरविणे ही तर पडद्याबाहेरची गफलत झाली.

तेव्हा असा चित्रपट पाहून मत बनविताना काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. गाव चुकले ते अक्कल नसल्यामुळे की धास्तीमुळे? शेवटी फजिती कुणाची होते, सत्तेच्या जोरावर मिरवणाऱ्यांची की मुकाट्याने सोसणाऱ्यांची? आणि घोटाळा उलगडल्यावर गावाला काही नवे उमगते का? यांची उत्तरे चित्रपटागणिक बदलतील आणि प्रेक्षकागणिकही. मते दुभंगणे हा चित्रपटाचा दोष मानण्याचे कारण नाही. हसताना आपण कुणाच्या बाजूला बसलो होतो, तेवढेच त्यातून कळते. खरा साहेब तर गोगोलच्या नाटकात अगदी शेवटी येतो. तो दारात आल्याची वर्दी मिळते आणि सारे पुतळ्यासारखे थिजतात. प्रेक्षागृहातील दिवे लागतात त्या क्षणी आपल्यापैकी किती जण नुसतेच हसत असतात आणि किती जण थोडे थिजलेले असतात, हे ज्याचे त्याने पाहावे.