खादाड स्पीकर आणि नवा रिसीव्हर

दिवाणखान्यातला आमचा जुना रिसीव्हर एके रात्री, ऐन चित्रपटातील रणधुमाळीत, टक् असा आवाज करून आपणहून बंद पडला, आणि त्याच्या झाकणावर ठेवलेला हात चटकन मागे घ्यावा लागला, तेव्हा दोष यंत्राच्या वयाचा नसून स्पीकरांच्या भुकेचा आहे, हे ध्यानी आले. स्पीकरच्या पाठीवरील ४ ओहम हा आकडा निव्वळ शोभेचा नसतो: तितक्याच व्होल्टेजवर तो ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा दुप्पट विद्युत्प्रवाह ओढतो, आणि काही स्वरांवर तर त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा, छापील आकड्याच्याही खाली उतरतो. त्यातून १ वॉटला १ मीटरवर ८८ ऐवजी ८५ डेसिबलच आवाज देणारा स्पीकर असला, तर वॉटांचा खर्च पुन्हा दुप्पट.

नव्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकातील १५० वॉटांचा आकडा मात्र जुन्या सरदाराच्या किताबासारखा वाचावा. तपशील पाहू जाता तो पुष्कळदा एकच वाहिनी चालू ठेवून, ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर, १० टक्के विकृती मान्य करून मोजलेला आढळतो. त्यापेक्षा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन वाहिन्या आणि अत्यल्प विकृती, असा ८० वॉटांचा दाखला मला अधिक भरवशाचा वाटतो. रिसीव्हरमधील इम्पिडन्सची सेटिंग ४ ओहमवर नेली की काम फत्ते, असे विक्रेते सांगतात. वस्तुतः तिच्यामुळे बहुधा व्होल्टेज घटवून यंत्र थंड राखले जाते, सामर्थ्य वाढत नाही. प्री-आउटची सोय असलेला रिसीव्हर घेतल्यास पुढल्या स्पीकरांचा भार यथावकाश स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प्लिफायरकडे सोपवता येतो. आम्ही तसाच घेतला, आणि कपाटात त्याच्या डोक्यावर चार बोटे, नव्हे वीतभर, जागा मोकळी सोडली.