रक्तसे कार्पो
जरदाळूचा (प्रुनस आर्मेनिआका; कुल–रोझेसी) लडाखमधील एक पारंपरिक प्रकार. लडाखी भाषेत ‘रक्तसे’ म्हणजे बी व ‘कार्पो’ म्हणजे पांढरा. इतर बहुतेक जरदाळूंची कठीण आठळी तपकिरी असते, ह्याची पांढरट असते. त्यावरून हे नाव पडले. सिंधू नदीच्या खोऱ्यातील शाम भागात व कारगिल परिसरात, सु. ३,००० मी. उंचीवर, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर ह्याच्या बागा वाढतात. हिवाळ्यातील कडक थंडी झाडाला मानवते. परंतु एप्रिलमध्ये बहर असताना गोठविणारी थंडी पडल्यास फुले गळून वर्षाचे पीक जाते. फळे जुलै–ऑगस्टमध्ये पिकतात. ती फार गोड व रसाळ असून मुख्यत्वे ताजी खातात. वाळविण्यासाठी ‘हलमन’ हा प्रकार अधिक पसंत करतात. कडू जरदाळूच्या बियांतील ॲमिग्डालिनापासून विषारी हायड्रोसायानिक अम्ल तयार होते. रक्तसे कार्पोची बी मात्र गोड असून बदामाप्रमाणे खातात. बीपासून वाढविलेल्या झाडात मूळ झाडाचे गुण खात्रीने उतरत नाहीत. म्हणून हा प्रकार टिकविण्यासाठी कलमेच करावी लागतात. २०२२ मध्ये त्यास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.