तापते पाणी आणि शेवंड

गोंदिया जिल्ह्यात शेवंड पाहिलेली माणसे विरळाच. नवेगावबांधच्या तलावात ढीवर बांधवांच्या जाळ्यात झिंगे येतात. शेवंड ही त्यांचीच समुद्रातील थोराड आप्त होय. दोघांनाही पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसात. उष्णतेने देहाची गरज मात्र वाढते. वैशाखात उथळ तलावातील झिंग्याला पळण्यास जागा नसते. समुद्रातील शेवंड थंड पाण्याकडे सरकू शकते.

पण तेवढ्याने ती वाचतेच असे नाही. अमेरिकेत लाँग आयलंडलगतच्या समुद्रात १९९९ साली उष्ण पाण्याने क्षीण झालेल्या शेवंडी रोगाला बळी पडून मोठ्या संख्येने मेल्या. उत्तरेकडील मेन राज्याचा समुद्रही झपाट्याने तापला, तरी तेथे त्यापुढे अनेक वर्षे शेवंडी वाढतच गेल्या. तेथील पाणी मुळात थंड, हे एक कारण. शिवाय अंडी असलेली मादी सापडली की मच्छीमार तिच्या शेपटीला खाच पाडून तिला सोडून देतात. ती खाच पाहून पुढे अंडी नसतानाही तिला कोणी धरत नाही.

मुंबईजवळ चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ च्या सुमारास कोसळली, ती अंड्यांवरच्या माद्यांसकट झालेल्या बेसुमार पकडीमुळे. तेव्हा उष्णतेला दोष देण्याचे कारण नव्हते. पुढे २००३ साली केंद्र शासनाने निर्यातीसाठी तिचे किमान वजन १५० ग्रॅम ठरविले. आता अरबी समुद्रही तापत आहे, आणि सोडून दिलेल्या प्रत्येक मादीचे मोल वाढले आहे.