मोटारीच्या संगणकाशी संवाद

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मेकॅनिक स्टीअरिंगखाली एक वायर जोडतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आकडे उमटू लागतात. हे आकडे येतात कोठून आणि त्यांवर कितपत विसंबावे, ते आपण पाहू.

कार्ब्युरेटरच्या जागी आता इंजेक्टर आले आहेत. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे इंजिन कंट्रोल युनिट (ईसीयू) नावाचा छोटा संगणक ठरवतो. आत येणारी हवा, इंजिनातील पाण्याचे तापमान, धुरातील ऑक्सिजन यांची माहिती त्याला सेन्सर पुरवतात. हवा दूषित करणारा बिघाड या संगणकानेच ओळखावा, असा नियम कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून केला. १९९६च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सर्व मोटारींना 'ओबीडी-२' ही समान पद्धत सक्तीची झाली. भारतात ती २०१३पासून लागू झाली.

या पद्धतीच्या सॉकेटमध्ये १६ पिना असतात. १६व्या पिनेवर बॅटरीचा दाब मिळतो. ४ आणि ५ या अर्थिंगच्या पिना. ६ आणि १४ या पिनांवर 'कॅन' ही संदेशवाहक तारांची जोडी येते. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जाहीर केली. लॅपटॉपला ही भाषा थेट कळत नाही. म्हणून मध्ये दुभाष्याचे काम करणारा अ‍ॅडॉप्टर लावतात.

एका तारेवर काम भागले असते, मग दोन कशाला? शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश देताना एक ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. फरक २ व्होल्ट. स्पार्क प्लगच्या ठिणगीमुळे खळबळ झाली, तरी एकमेकींना पीळ दिलेल्या या तारांवर तिचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो. दोन्हींचा दाब अर्ध्या व्होल्टने वाढला, तरी फरक २ व्होल्टच राहतो आणि संदेश बिघडत नाही.

आता संभाषण ऐकू. लॅपटॉप विचारतो : '०१ ०सी'. येथे ०१ म्हणजे 'आत्ताची स्थिती सांग' आणि ०सी म्हणजे इंजिनाचे फेरे. उत्तर येते : '४१ ०सी ०सी ८०'. पहिले दोन अंक-गट म्हणजे प्रश्नाची पोच. माहिती शेवटच्या दोहोंत आहे. हे आकडे १६ पायाच्या पद्धतीतले आहेत. ०सी म्हणजे १२ आणि ८० म्हणजे १२८. म्हणून १२ × २५६ + १२८ = ३२००. नियमाप्रमाणे ४ने भागले, की मिनिटाला ८०० फेरे मिळतात. उभ्या मोटारीचे इंजिन साधारण इतकेच फिरते.

बिघाडाचेही असेच संकेतांक असतात. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. पण का पेटत नाही? स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा गळणारा व्हॉल्व्ह, यांपैकी कोणीही दोषी असू शकतो. ताप असल्याचे थर्मामीटर सांगतो. रोग कोणता ते सांगत नाही. संकेतांक वाचून लगेच महागडा भाग बदलणे म्हणजे थर्मामीटर पाहूनच औषध देणे होय. पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावी. बिघाड तिच्याबरोबर सरकून 'पी ०३०२' आला, तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही, तर शोध पुढे चालू ठेवावा. हा वैज्ञानिक पद्धतीचाच धडा आहे. नुसता संकेतांक पुसला तर दिवा विझतो, दोष तसाच राहतो आणि न जळलेले इंधन धुरावाटे हवेत जात राहते.

वर्गात एक उदाहरण जरूर द्यावे. '०१ ०५' या प्रश्नाला '४१ ०५ ७बी' असे उत्तर आले. ७बी म्हणजे १२३. त्यातून ४० वजा केले, की इंजिनातील पाण्याचे तापमान ८३ अंश सेल्सिअस मिळते. ४० कशासाठी वजा केले? एका बाइटमध्ये ० ते २५५ हेच आकडे मावतात, पण थंड प्रदेशात तापमान शून्याखालीही जाते. या युक्तीने उणे ४०पासून २१५पर्यंतची सर्व तापमाने त्याच बाइटमध्ये बसतात.