मोटरसायकलचे इंजिन मंद रहदारीत का तापते?

दिल्ली, नागपूर, अहमदाबाद यांसारख्या शहरांत मे महिन्याच्या दुपारी एक विसंगत गोष्ट नेहमी पाहावयास मिळते. मोकळ्या हमरस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने तासचे तास धावूनही जिच्या इंजिनाने कुरकुर केली नाही, तीच मोटरसायकल शहरातील कोंडीत सापडून मुंगीच्या पावलांनी सरकू लागली की अर्ध्या तासात तापते. चालकाच्या पोटऱ्यांना झळा लागतात, गिअर जड पडतो आणि चढावर इंजिनातून खटखट असा आवाज येतो. काम कमी झाले असता ताप वाढावा, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. सामान्यतः याचे खापर उन्हाच्या माथी फोडले जाते. ऊन काही अंशी दोषी आहे खरे. परंतु मुख्य अपराधी ते नव्हे.

इंजिनात उष्णता किती निर्माण होते, हे प्रथम पाहू. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळाले तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने २० अंश सेल्सियस तापमानाचे ९० लिटर पाणी उकळीपर्यंत आणता येईल. या उष्णतेपैकी साधारण एक चतुर्थांश भागच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराच्या नळीवाटे निघून जातो आणि बाकीची सिलिंडरच्या भिंतींत व त्याच्या माथ्यात शिरते. ज्वलनाच्या क्षणी आतील वायूंचे तापमान २,००० अंशांहून अधिक असते. ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, बनवितात, ते ॲल्युमिनियम शुद्ध स्वरूपात ६६० अंशांस वितळते. तरीही दट्ट्या वितळत नाही. कारण ज्वाला क्षणिक असते आणि धातूत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढली जात असते. इंजिनाचे आयुष्य या दुसऱ्या क्रियेवर अवलंबून आहे.

चहा लवकर निववायचा असला म्हणजे आपण तो बशीत ओततो आणि वर फुंकर घालतो. बशीमुळे चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि फुंकरीमुळे त्यालगतची गरम हवा दूर होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेच दोन उपाय योजलेले असतात. सिलिंडरभोवती एकावर एक रचलेल्या चकत्यांसारख्या ज्या पातळ पट्ट्या दिसतात, ज्यांना कारागीर ‘फिन’ म्हणतात, त्या या इंजिनाची बशी होत. फुंकर मात्र इंजिनापाशी स्वतःची नसते. ती वाहनाच्या वेगातून मिळते.

वेग मंदावला की काय होते, ते समजण्यासाठी पट्ट्यांमधील फटींकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कोणत्याही पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने हा थर पांघरुणासारखा वागतो. वारा जोराचा असेल तर हे पांघरूण झिरझिरीत होते, मंद असेल तर जाड होते. अगदीच मंद वाऱ्यात शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरील थर एकमेकांना भिडतात आणि मधली फट गरम, सुस्त हवेने भरून जाते. पट्ट्या असून नसल्यासारख्या होतात. ताशी ६० किलोमीटरऐवजी १० किलोमीटर वेगाने जाताना पट्ट्यांची उष्णता टाकून देण्याची क्षमता ढोबळमानाने एक तृतीयांशावर येते आणि वाहन उभे राहिले की याहूनही पुष्कळ खाली जाते.

आता उन्हाचा वाटा मोजू. पट्ट्यांचे तापमान १७० अंश धरले आणि हवेचे २० अंश, तर दोहोंत १५० अंशांचे अंतर पडते. हवा ४५ अंशांची असेल तर हे अंतर १२५ अंशांवर येते. बाहेर जाणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात असल्याने कडक उन्हाळ्यात ती सुमारे एक षष्ठांशाने घटते. डांबरी रस्त्याची धग आणि पुढील मोटारीचा धूर यांमुळे आणखी थोडी घट होईल. परंतु वारा थांबल्याने होणाऱ्या हानीशी तिची तुलना होऊ शकत नाही.

कोंडीत पेट्रोलही कमी जळते, हा आक्षेप रास्त आहे. इंजिन जागच्या जागी नुसते फिरत असता फारच थोडी उष्णता निर्माण होते. म्हणून एखाद्या सिग्नलवर मिनिटभर थांबल्याने कोणतेही धड इंजिन बिघडत नाही. पण कोंडीत वाहन उभे राहत नाही की धावतही नाही. दर काही पावलांवर मूठ पिळून, क्लच अर्धवट दाबून ते पुढे काढावे लागते. इंजिन वेगाने फिरते, क्लचच्या चकत्या घासून तापतात आणि वारा मात्र मिळत नाही. उत्पन्न होणारी उष्णता घटते, पण तिच्या निर्गमनाची वाट त्याहून अधिक अरुंद होते.

याचा पहिला परिणाम वंगणावर होतो. ४० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापले असता इंजिनातील तेल सहा ते नऊ पटींनी पातळ होते. मंद फिरणाऱ्या इंजिनात तेलाचा पंपही मंद चालतो. म्हणजे तेल पातळ आणि त्याचा दाबही कमी, अशी दुहेरी आपत्ती ओढवते. दुसरा परिणाम अधिक गंभीर होय. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे १९५५ साली स्थापन झालेल्या कंपनीची जुनी ३५० वर्गाची बुलेट घ्या. तिचे सिलिंडर बिडाचे, दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि व्यास ७० मिलिमीटर. दोन्ही भाग १०० अंशांनी अधिक तापले तर दट्ट्या सुमारे ०.१५ मिलिमीटरने फुगतो, सिलिंडर मात्र ०.०८ मिलिमीटरनेच. हा फरक केसाच्या जाडीएवढा. पण त्या दोघांमधली जागाही काही शतांश मिलिमीटरचीच असते. शिवाय दट्ट्या सिलिंडरहून अधिक तापतो. ती जागा संपली की तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला धरतो आणि चालत्या गाडीचे मागील चाक एकाएकी जखडते. यालाच इंजिन ‘सीझ’ होणे म्हणतात. यात इंजिनाबरोबर चालकाच्या जिवालाही धोका असतो.

स्कूटरच्या रचनाकारांनी यावर सरळ उपाय शोधला. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकचे इंजिन पत्र्याच्या आवरणाआड होते, तेथे रस्त्यावरील वारा पोहोचणेच अशक्य. म्हणून फिरत्या चक्रावरच पंखा बसविलेला असे. हा पंखा इंजिनाबरोबर फिरतो, चाकाबरोबर नव्हे. त्यामुळे स्कूटर उभी असतानाही वारा थांबत नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरांत हीच योजना आहे.

हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलच्या चालकाने कोंडी लांबत असेल तर इंजिन बंद ठेवावे, पट्ट्यांत साचलेला चिखल वेळोवेळी काढावा आणि तेलाची पातळी पाहत जावे. इंजिन तापलेच, तर ते वारा लागेल अशा सावलीत आपोआप निवू द्यावे. अनेक जण अशा वेळी बाटलीतील गार पाणी इंजिनावर ओततात. ते अत्यंत घातक आहे. बाहेरचा थर एकदम आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि या ओढाताणीत माथा वाकतो अथवा बिडाला तडा जातो.

अलीकडच्या अनेक वाहनांत पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण सिलिंडरभोवती फिरवून रेडिएटरमध्ये निवविले जाते. द्रवाचे तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की विजेचा पंखा आपोआप सुरू होतो आणि गरम हवेचा झोत चालकाच्या पायांवर येतो. इंजिन बिघडले असे वाटून पुष्कळ लोक घाबरतात. वस्तुतः व्यवस्था नीट चालल्याची ती खूण आहे. काळजी घ्यावयाची ती झाकणाची. रेडिएटरमधील द्रव दाबाखाली असल्याने १२० अंशांच्या सुमारासही उकळत नाही. त्या स्थितीत झाकण उघडले तर दाब नाहीसा होतो, द्रव तत्क्षणी उकळतो आणि वाफेसह उसळून हातातोंडावर येतो. म्हणून रेडिएटर हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला स्पर्श करू नये.