आभाळातले टपाल आणि जमिनीवरचा माणूस

यंत्र माणसाचे ओझे हलके करते, असे म्हणतात. पण कोणाचे ओझे, आणि ते कोण ठरवणार? पार्सल पोहोचवणाऱ्या ड्रोनकडे मी याच प्रश्नातून पाहतो.

मे 2025 मध्ये टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल पाठवून पाहिले. जवळपास 10 किलोचे ओझे सुमारे 15 मिनिटांत डोंगरावर पोहोचले. माथेरानात मोटारींना बंदी. तिथे सामान वर्षानुवर्षे चढले ते घोड्यांच्या पाठीवरून, हातगाडीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून. माणसांनाही माणसेच हातरिक्षातून ओढत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. त्याचबरोबर ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही आदेश दिला. ओझे उतरवायचे तर ते वाहणाऱ्याच्या भाकरीचाही विचार करायचा, हे सूत्र ड्रोनलाही लागू झाले पाहिजे.

सांगावे पोहोचवणे आमच्या वाट्याला वतन म्हणून आले. माझे आजोबा लहानपणी मयताचा सांगावा घेऊन अनवाणी गावोगाव फिरले. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात मांडले. तेव्हा यंत्राने ओझे उचलले म्हणून आम्ही रडणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप या आदिवासी गावी ड्रोनने 300 लशी नेल्या. रस्त्याने 40 मिनिटे लागणारे अंतर सुमारे 10 मिनिटांत कापले गेले. त्याच वर्षी 22 जुलैला आमचे चिपळूण पुरात बुडाले. तेव्हा औषध असे वरून आले असते, तर नको कोण म्हणाले असते?

पण औषध वेगळे, हौसेचे पार्सल वेगळे. 2018 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या बोनिथॉन वस्तीत ड्रोनने घरपोच सामान येऊ लागले. घरघर, बिथरणारी कुत्री, अंगणावरची नजर यांविरुद्ध लोक उठले. 2019 मध्ये तिथल्या विधानसभेने चौकशी केली. आपल्या 2021 च्या ड्रोन नियमांनी हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडायला परवानगीची अट ठेवलेली नाही. खालच्या वस्तीला विचारण्याची तरतूदही त्यांत नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याचे खाजगीपण नसते काय?

माझे काही विद्यार्थी दुचाकीवर पार्सले पोहोचवून फी भरतात. म्हणून आपली मागणी साधी असावी. मार्ग आणि वेळा ग्रामसभेत व वॉर्डात आधी मांडा. टिपलेली चित्रे कोणाकडे राहतील, ते सांगा. काम गमावणाऱ्यांना ड्रोन चालवण्याचे, दुरुस्तीचे शिक्षण आधी द्या. यंत्र आम्हाला हवे आहे; त्याच्या मालकीत आणि निर्णयात वाटाही हवा आहे.